‘औषध’ नावाचे विष : शेतीतील रासायनिक विषबाधेच्या परिभाषेची चिकित्सा

बीजसंज्ञा : कीटकनाशक, व्यावसायिक विषबाधा, परिभाषा, यवतमाळ २०१७, शेतमजूर, पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

१. प्रास्ताविक

शेतीत वापरल्या जाणाऱ्या रासायनिक कीटकनाशकांमुळे होणाऱ्या विषबाधेचा विचार आपल्याकडे साधारणपणे तीन अंगांनी केला जातो. वैद्यकशास्त्र लक्षणे आणि उपचार यांच्या अंगाने, कृषिशास्त्र मात्रा आणि फवारणीची पद्धती यांच्या अंगाने, तर समाजशास्त्र शेतकरी आत्महत्येचे एक साधन या अंगाने तिच्याकडे पाहते. या तिन्ही दिशांनी झालेले काम मोलाचे आहे. तथापि फवारणी करीत असताना त्वचेवाटे आणि श्वासावाटे होणारी विषबाधा ही कामातून उद्भवणारी, म्हणजेच व्यावसायिक स्वरूपाची इजा आहे, ही जाणीव या विवेचनात क्वचितच केंद्रस्थानी येते. कारखान्यातील कामगाराला रसायनाची बाधा झाली तर आपण तिला व्यावसायिक आजार म्हणतो. शेतात तीच बाधा झाली तर तिला अपघात, निष्काळजीपणा किंवा दुर्दैव म्हणतो. हा फरक रसायनशास्त्रातून आलेला नाही. तो भाषेतून आणि कायद्याने घालून दिलेल्या वर्गवारीतून आलेला आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू या परिभाषेची चिकित्सा करणे हा आहे. त्यासाठी शेतकऱ्याच्या बोलीतील ‘औषध’ हा शब्द, २०१७ मधील यवतमाळच्या विषबाधेचे सार्वजनिक कथन, शासकीय मदतीची भाषा, कीटकनाशकविषयक कायदा, डब्यावरील लेबल आणि मराठी ग्रामीण साहित्य अशा संहितांचा विचार केला आहे. लेखाचे स्वरूप क्षेत्रीय पाहणीचे नसून संहितांच्या चिकित्सक वाचनाचे आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्याच्या संदर्भात हा विषय मांडण्यास कारण आहे. येथे कारखाना आणि शेत यांच्यात अनेक ठिकाणी एका कुंपणाचेच अंतर उरले आहे. कामगार कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे येथे अधिक स्पष्टपणे दिसतो.

२. ‘औषध’ : एका शब्दाचे अर्थांतर

‘औषध’ हा शब्द ‘ओषधि’ म्हणजे वनस्पती या शब्दावरून आलेला आहे. वनस्पतीपासून मिळते ते औषध, असा त्याचा मूळ अर्थ. आज ग्रामीण महाराष्ट्रात वनस्पतीवर मारले जाते ते औषध, असा त्याचा रूढ अर्थ झाला आहे. शेतकरी ‘कीटकनाशकाची फवारणी केली’ असे सहसा म्हणत नाही. ‘औषध मारलं’ असे म्हणतो. कृषी सेवा केंद्रात तो ‘औषध’ मागतो, दुकानदार ‘औषध’ देतो आणि बिलाच्या उधारीतही ‘औषधाचे पैसे’ असतात.

हा शब्दप्रयोग अज्ञानातून आला आहे, असे मानणे योग्य होणार नाही. त्यामागे एक तर्क आहे. पिकाला रोग पडतो आणि रोगाला औषध लागते. शिवाय पीक हे शेतकऱ्याच्या दृष्टीने घरातल्या माणसासारखे असते. या तर्काला शासकीय आणि औद्योगिक भाषेनेही बळ दिले. ‘पीक संरक्षण’ या संज्ञेत मारणे हा अर्थ लोपतो आणि जपणे हा अर्थ पुढे येतो.

पिंपरीच्या इतिहासात तर हा शब्द अक्षरशः खरा ठरलेला आढळतो. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा देशातील पहिला कारखाना. माणसांसाठी पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन बनविणाऱ्या या कारखान्याने पिकांसाठी ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ आणि ‘ऑरिओफंजिन’ ही उत्पादनेही बाजारात आणली. ऑरिओफंजिनचा शोध याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी लावला. म्हणजे एकाच फाटकातून माणसाचे आणि पिकाचेही औषध बाहेर पडत होते. ही प्रतिजैविके कीटकनाशकांच्या पंक्तीत बसविता येत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु पिकावर मारण्याची प्रतिजैविकेही निर्धोक नाहीत, ही जाणीव पुढे झाली. जंतूंची प्रतिरोधशक्ती वाढते या कारणास्तव २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला.

तथापि ‘औषध’ या शब्दाचा खरा पेच वेगळ्या ठिकाणी आहे. ‘त्याने औषध मारले’ आणि ‘तो औषध प्यायला’ ही दोन वाक्ये घ्यावीत. दुसरे वाक्य ऐकताच ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. डब्यात विष आहे हे गावातील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणजे बोलीला या पदार्थाचे विषत्व अज्ञात नाही. मात्र ते विष म्हणून ओळखले जाते ते मरणाच्या इच्छेने तोंडावाटे घेतले तरच. काम करताना तेच द्रव्य पाठीवर गळले, हाताला लागले, श्वासातून आत गेले, तर त्याचे नाव औषधच राहते. पोटात गेले तर विष आणि कातडीतून गेले तर काम, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ती अत्यंत महत्त्वाची आहे. कारण पुढे आपण पाहणार आहोत त्या शासकीय संहितांमध्येही हीच विभागणी निराळ्या शब्दांत पुन्हा भेटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वर्गवारीत कीटकनाशकांच्या ‘अपघाती सेवना’चा रकाना आहे. सेवन म्हणजे गिळणे. त्वचेतून शिरलेल्या विषाला या शब्दात जागा नाही.

शरीरशास्त्र मात्र असा भेद करीत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके चेतासंस्थेतील कोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य साचत जाते. घाम व लाळ सुटते, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वसन बंद पडू शकते. द्रव्य तोंडातून आले की सदऱ्याच्या ओल्या पाठीतून, याची विकराला फिकीर नसते.

३. यवतमाळ २०१७ : घटना आणि तिचे कथन

या विभागणीचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. जुलैपासून पुढील काही महिन्यांत कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेमुळे रुग्णालयांत दाखल झाले. जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर मोठा ताण आला. काहींची दृष्टी काही काळ गेली. मृतांमध्ये आणि बाधितांमध्ये दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने फवारणी करणारे भूमिहीन मजूरही होते.

शासनाने अमरावतीचे तत्कालीन विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. या पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेंथियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या व मिश्रणांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. बंदी आली तेव्हा फवारणीचा मुख्य हंगाम सरत आला होता.

या घटनेची जी कारणमीमांसा सार्वजनिक चर्चेत रूढ झाली, ती संहिता म्हणून वाचण्यासारखी आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली, त्यामुळे तुषार तोंडावर आले. हवा दमट आणि उष्ण होती. चिनी बनावटीच्या बॅटरी पंपातून बारीक तुषार वेगाने बाहेर पडत होते. अनेक रसायने एकत्र मिसळली गेली. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा वापरला गेला नाही. यांतील प्रत्येक कारणात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु या वाक्यांचे कर्ते पाहावेत. कर्ता कधी पीक आहे, कधी हवा, कधी पंप आणि कधी फवारणारा स्वतः. रसायन हे कोणत्याही वाक्याचा कर्ता नाही. ते बनविणारा, नोंदणी करणारा, विकणारा आणि मजुराला पंप पाठीवर घ्यायला सांगणारा, हे कथनाच्या कडेला राहतात. ‘विषबाधा झाली’ हा मराठी प्रयोगच असा आहे की त्यात बाधा करणारा सांगावा लागत नाही.

‘मिश्रण’ या कारणाचाही अधिक विचार व्हावयास हवा. कापसाच्या गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही दाद देणे थांबविले होते. शिफारशीतील मात्रेने किडी मरेनात, तेव्हा शेतकऱ्याने दोन-तीन द्रव्ये एकत्र केली. त्याचा सल्लागार बहुधा दुकानदारच होता, कारण गावपातळीवर कृषी विस्ताराची यंत्रणा तोकडी पडत होती. शिवाय कंपन्यांनी तयार केलेली आणि रीतसर नोंदणी झालेली मिश्रणेही बाजारात होती. बंदी घातलेल्या पाचांपैकी दोन अशी तयार मिश्रणेच होती. कारखान्यात केलेल्या मिश्रणाला ‘उत्पादन’ म्हणावयाचे आणि बांधावर केलेल्या मिश्रणाला ‘निष्काळजीपणा’, हा भेद शब्दांपुरता खरा असला तरी मजुराच्या शरीरापुरता पुरेसा नाही.

या घटनेचे पडसाद देशाबाहेरही उमटले. सप्टेंबर २०२० मध्ये दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नींनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा दाखल केला. डायफेंथियुरॉन हे द्रव्य असलेल्या तिच्या उत्पादनाचा संदर्भ त्याला होता. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली आहे. या दाव्याच्या गुणावगुणांवर येथे भाष्य करावयाचे नाही. मात्र स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतीतून हे द्रव्य २००९ मध्येच बाद केले होते आणि २०२१ पासून त्याची निर्यातही थांबविली, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक आहे. एका देशात जे विष म्हणून नोंदले गेले, ते दुसऱ्या देशात औषध म्हणून फवारले जात होते.

४. ‘अपघात’ आणि ‘सानुग्रह’

यवतमाळच्या मृतांच्या वारसांना राज्य शासनाने दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. मदत आवश्यकच होती. प्रश्न तिच्या नावाचा आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जी अपघात विमा योजना होती, तिचे रूपांतर २०२३ मध्ये ‘शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजने’त झाले. योजनेच्या अपघातांच्या यादीत रस्त्यावरील अपघात, वीज पडणे, पाण्यात बुडणे, सर्पदंश, विंचूदंश यांच्या जोडीला कीटकनाशके हाताळताना होणारी विषबाधा येते.

या यादीची रचना बोलकी आहे. साप आणि वीज यांच्यामागे कोणी उत्पादक नसतो, परवाना नसतो, लेबल नसते. कीटकनाशकामागे हे सर्व असते. दोहोंना एका ओळीत बसविले की विषबाधा निसर्गाच्या खात्यात जमा होते. ‘सानुग्रह’ या विशेषणाचा अर्थ कृपेने दिलेले असा आहे. कृपा करणारा आणि ती स्वीकारणारा असे नाते त्यात गृहीत आहे. भरपाईत हक्क असतो, देणेकऱ्याचे उत्तरदायित्व असते. सानुग्रह अनुदानात ते नसते. शिवाय योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या कुटुंबाभोवती उभी आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि जो रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात पंप चालवितो, तो या शब्दयोजनेत मुळात ‘शेतकरी’ नाही.

वास्तविक २०१७ मध्ये कायद्याच्या पुस्तकात दुसरा शब्द उपलब्ध होता. १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, शेती किंवा मळ्यांमध्ये कीटकनाशकांची फवारणी किंवा धुरळणी करण्यासाठी कामावर ठेवलेल्या व्यक्तीचा समावेश होता. अर्थात मजुरीने फवारणी करणारा माणूस हा कायद्याच्या दृष्टीने ‘कर्मचारी’ होता आणि कामातून झालेल्या इजेसाठी भरपाई हा त्याचा हक्क होता. तरीही सार्वजनिक चर्चेत भरपाई या शब्दाऐवजी मदत हाच शब्द चालला. हक्क पुस्तकात असूनही तो मागण्यासाठी लागणारी भाषा गावात पोहोचली नव्हती. शिवाय भरपाई देण्याचे दायित्व ज्या मालकावर येते, तो स्वतःच पाच एकरांचा कर्जबाजारी कास्तकार असतो. दोन दुबळ्यांमधील हा व्यवहार कायद्याने सोडविण्याचे धाडस कोणी केले नाही.

५. कायद्याची संहिता

कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये आला. त्याची पार्श्वभूमी पाहणे उद्बोधक आहे. १९५८ मध्ये केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि त्यातून पुढे कायद्याची गरज मान्य झाली. म्हणजे या कायद्याचा उगम अन्न खाणाऱ्याच्या मृत्यूत आहे. फवारणाऱ्याच्या मृत्यूत नाही.

कायद्याच्या कलम २६ अन्वये, कीटकनाशकाच्या वापरातून झालेल्या विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन राज्य शासन अधिसूचनेद्वारे विशिष्ट व्यक्तींवर घालू ‘शकते’. ते घातलेच पाहिजे, असे कलम म्हणत नाही. १९७१ च्या नियमांत कीटकनाशकांशी संपर्क येणाऱ्या व्यक्तींची, फवारणी करणाऱ्यांसह, कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, तिची नोंदवही, संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण यांची तरतूद आहे. हे नियम वाचताना एखाद्या शिस्तबद्ध कारखान्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

परंतु कलम ३८ हे चित्र पुसून टाकते. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी अथवा स्वतःच्या कसवणुकीखालील जमिनीसाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही, असे त्यात म्हटले आहे. शेतकऱ्याला निरीक्षकाच्या जाचापासून वाचविण्याचा हेतू त्यामागे असू शकेल आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र देशातील बहुतांश फवारणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या कसवणुकीखालील जमिनीवरच होते. ज्या जागी विषबाधा होण्याची शक्यता सर्वाधिक, तीच जागा कायद्याच्या कक्षेबाहेर, असा याचा परिणाम होतो. त्या जमिनीवर राबणाऱ्या मजुराचे काय, याविषयी हे कलम मौन पाळते.

२०२० मध्ये राज्यसभेत मांडलेल्या कीटकनाशक व्यवस्थापन विधेयकाने ही चौकट बदलण्याची संधी दिली होती. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २०२३ च्या केंद्रीय आदेशाने मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. २०१३ मध्ये बिहारमधील शालेय पोषण आहाराच्या दुर्घटनेत २३ बालकांचा बळी घेणारे द्रव्य हेच होते. भाजीपाल्यावरील त्याचा वापर त्याआधीच निषिद्ध ठरविण्यात आला होता. खाणाऱ्याला संरक्षण आधी मिळाले. कपाशीत फिरणाऱ्या फवारणाऱ्याला बराच काळ वाट पाहावी लागली.

६. लेबल : कोणासाठी लिहिलेले?

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि तो विषाची तीव्रता दर्शवितो. लाल म्हणजे अतितीव्र; तेथे कवटीचे चिन्ह असते. अक्षरओळख नसलेल्यालाही धोका समजावा, ही त्यामागील कल्पना चांगली आहे.

परंतु हा रंग प्रायोगिक प्राण्यांना मारण्यास लागणाऱ्या एका वेळच्या मात्रेवर ठरतो. दिवसभर ओल्या कपड्यांत वावरणे, आठवडाभर रोज थोडे थोडे शरीरात जाणे, दोन डबे एकत्र केल्यावर होणारा परिणाम, उन्हाने उघडलेली घामाची रंध्रे, यांतील काहीही त्या रंगात येत नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून ‘हे हलकं औषध आहे’ असा अर्थ लावला जातो तो यामुळेच. रुग्णालयातही लेबल महत्त्वाचे ठरते. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन हे उपयुक्त औषध आहे. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, डायफेंथियुरॉन यांवर असा विशिष्ट उतारा नाही. मजुराला अनेकदा डबा दिसतच नाही. त्याच्या हाती मालकाने कालवून दिलेले पाणी येते. तेव्हा रुग्णालयात त्याला विचारले जाते, ‘कोणतं औषध होतं?’ आणि त्याच्यापाशी उत्तर नसते.

लेबलावरील सूचना सांगते की संरक्षक पोशाख घालावा. कारखान्यांतील सुरक्षेचे सर्वमान्य तत्त्व असे आहे की प्रथम धोकादायक द्रव्य काढून टाकावे, ते शक्य नसेल तर कमी धोक्याचे वापरावे, नंतर यंत्रात व पद्धतीत बदल करावा आणि हे सर्व करूनही धोका उरला तर पोशाखाचा आश्रय घ्यावा. शेतात हा क्रम उलटतो. तेथे पोशाख हाच पहिला आणि शेवटचा उपाय ठरतो. खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत म्हटले आहे, की ज्यांच्या वापरासाठी गैरसोयीचा, महाग वा सहज न मिळणारा पोशाख लागतो अशी कीटकनाशके, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी व मजूर यांच्या बाबतीत, टाळावीत. भाद्रपदाच्या उन्हात रबरी हातमोजे आणि जाड अंगरखा घालून पाठीवर सोळा लिटरचा पंप वाहणे किती वेळ शक्य आहे, याचा विचार सूचना लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

७. कारखाना आणि शेत : या पट्ट्यातील दोन शेजारी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा विरोध एका दृष्टिक्षेपात दिसतो. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण आज वाहन उद्योगाचे केंद्र आहे. तरीही खेड तालुक्यात कांदा-बटाट्याची आणि मावळात भाताची शेती टिकून आहे, आणि तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाने पुष्पशेतीसाठी स्वतंत्र उद्यान वसविले आहे. हरितगृहातील गुलाबशेती ही अर्धी शेती आणि अर्धा कारखाना आहे. छत आहे, पाळ्या आहेत, प्रतवारी आहे, निर्यात आहे. बंदिस्त हवेत फवारणी झाल्यावर किती तासांनी आत जावे, हा तेथे जीवनमरणाशी निगडित प्रश्न असतो. फवारणारा पुरुष असला तरी दुसऱ्या दिवशी त्याच पानांमधून हात घालून फुले तोडणाऱ्या बहुधा स्त्रिया असतात. फवारणी त्यांनी केलेली नसते, म्हणून विषबाधेच्या चर्चेत त्यांचा उल्लेखही येत नाही.

भोसरीच्या कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगाराला १९४८ च्या कारखाने अधिनियमाचा आधार होता. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, त्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. भोपाळचा कारखानाही कीटकनाशकाचाच होता, हे येथे आठवावे. त्या दुर्घटनेने कीटकनाशक बनविणाऱ्या कामगाराची सुरक्षा कायद्यात आणली. वापरणाऱ्या मजुराची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुने कारखाने व भरपाई अधिनियम त्यांत सामावले गेले. व्यावसायिक सुरक्षेची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. दोन-तीन मजूर लावून फवारणी करून घेणारे शेत तिच्या उंबरठ्याबाहेरच राहते. शेतीतील सुरक्षा व आरोग्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००१ मधील १८४ क्रमांकाच्या करारालाही भारताने मान्यता दिलेली नाही.

कारखान्याचे एक वैशिष्ट्य असे, की तो माणसांना एका छताखाली आणतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७७ मध्ये डीबीसीपी हे कृषिरसायन बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना आपापसांतील बोलण्यातून कळले, की आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत त्यांच्यातील वंध्यत्व उघड झाले आणि त्या रसायनाविरुद्ध कारवाई झाली. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत तेच रसायन हाताळणाऱ्या मजुरांना आपले दुःख न्यायालयापर्यंत नेण्यास पुढे कितीतरी वर्षे लागली. छत, हजेरीपट आणि एकत्र जेवणाची सुट्टी या गोष्टी आजाराला नाव मिळवून देतात. शेतमजूर विखुरलेला असतो. त्याची डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची एकट्याची असते. ‘औषधाचा वास लागला’ एवढेच तिचे वर्णन होते आणि लिंबू-सरबतावर ते संपते.

८. साहित्यातील विष

मराठी ग्रामीण साहित्याने शेतीतील स्थित्यंतरांची नोंद आस्थेने घेतली आहे. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत यंत्राच्या आगमनाने सालगड्याचे भावविश्व उद्ध्वस्त होते. सदानंद देशमुख यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘बारोमास’मध्ये शेतीच्या अर्थकारणात कोंडलेल्या सुशिक्षित तरुणाचे दुःख आहे. आत्महत्यांच्या काळातील कथा-कवितांत विषाचा डबा वारंवार येतो. परंतु तो येतो मुख्यतः मरणाचे साधन म्हणून. ट्रॅक्टरने माणसाला शेतातून बाहेर काढले, ही कथा झाली. पंपातील द्रव्य माणसाच्या शरीरात शिरले, ही कथा त्या प्रमाणात झाली नाही.

याचे कारण साहित्यिकांची उदासीनता हे नसून कथनाची सवय हे असावे. आत्महत्येला निर्णय असतो, क्षण असतो, नाट्य असते. त्वचेतून झिरपणाऱ्या विषाला तसा क्षण नसतो. ते हंगामाहंगामाने साचते. बोलीने केलेली विभागणी साहित्यानेही नकळत स्वीकारली, असे म्हणावे लागते. शेतकऱ्याच्या विषाने झालेल्या मृत्यूकडे समाज शोकांतिका म्हणून पाहू शकतो. तो त्याच्या कामाचा परिणाम म्हणून पाहण्यास मात्र अद्याप शिकलेला नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, बोलीतील ‘औषध’, शासकीय नोंदीतील ‘सेवन’, योजनेतील ‘अपघात’, मदतीतील ‘सानुग्रह’ आणि कायद्यातील ‘स्वतःच्या कसवणुकीखालील जमीन’ या पाचही शब्दांचा परिणाम एकाच दिशेने होतो. त्यांमुळे फवारणी हे काम आणि फवारणारा हा कामगार, या दोन्ही गोष्टी नजरेआड होतात. दोन, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा हे कारण अंशतः खरे असले तरी ते पहिले कारण मानल्यास द्रव्याची निवड, नोंदणी, विक्री आणि सल्ला या आधीच्या टप्प्यांची चौकशी टळते. तीन, जेथे हक्काची तरतूद होती तेथेही तिचा उच्चार झाला नाही, कारण त्या हक्काला चालत्या मराठीत नाव नव्हते.

शब्द बदलल्याने विष सौम्य होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कीटकनाशकांवाचून आजची शेती करावी असे सांगणे सोपे आणि ती करणे कठीण, हेही मान्य केले पाहिजे. परंतु नोंद होण्यासाठी नाव लागते आणि नोंद झाल्यावाचून धोरण होत नाही. कलम २६ खाली विषबाधेची सक्तीची नोंद, तालुका पातळीवरील रुग्णालयात कोलिनएस्टरेज तपासणी, मजुराला डब्याचे नाव व रंग दाखविण्याचे मालकावर बंधन, हरितगृहात पुनःप्रवेशाच्या वेळेचा मराठी फलक, या मागण्या खर्चिक नाहीत. भूमिहीन फवारणी मजुराला ‘कर्मचारी’ म्हणून भरपाईचा दावा करता यावा यासाठी, दायित्व एकट्या लहान शेतकऱ्यावर न टाकता कीटकनाशकाच्या विक्रीवर अल्प उपकर लावून निधी उभारण्याचा विचार व्हावा.

या कामात या पट्ट्यातील महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. आपल्या वर्गांत खेड, मावळ, जुन्नरचे विद्यार्थी आहेत, तसेच विदर्भ-मराठवाड्यातून उदरनिर्वाहासाठी येथे आलेल्या कुटुंबांची मुलेही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी सुट्टीत पाठीवर पंप घेतलेला असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लेबल वाचावयास शिकविणे, वाणिज्य व विधी शाखेत भरपाईच्या तरतुदी प्रत्यक्ष अर्ज भरून समजावणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील फवारणी करणाऱ्यांची यादी तयार करणे आणि मराठी विभागाने या अनुभवांची बोली जशीच्या तशी नोंदवून ठेवणे, हे आपल्या आवाक्यातील उपक्रम आहेत. अशा यादीत ज्याचे नाव येईल, त्याच्या कामाचा रकानाही त्यात असेल. त्या रकान्यात ‘मजुरी’ असे मोघम न लिहिता ‘कीटकनाशक फवारणी’ असे लिहिले गेले, तर पुढे रुग्णालयात, कचेरीत किंवा न्यायालयात त्याला दाखविण्यासाठी एक कागद तरी हाती राहील.